पोट मऊ, पण कळ असह्य

प्रश्न : माझ्या मामांचे हृदयाचे ठोके अनियमित पडायचे. एका रात्री त्यांच्या पोटात अचानक भयंकर कळ आली. सोनोग्राफीत काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं, तर आतडं काळं पडलेलं. आतड्यालाही अटॅक येतो का?
– एक वाचक, वालूर (ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : हो, येतो. ठोके अनियमित असले की हृदयात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूकडे गेली तर लकवा होतो. आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली तर आतड्याचं रक्त तुटतं आणि काही तासांत ते मरू लागतं.

फसगत इथेच होते. रुग्ण गडाबडा लोळत असतो, पण डॉक्टर पोट दाबून पाहतात तेव्हा ते मऊ लागतं. सोबत उलटी-जुलाब असले की गॅस किंवा अपचन समजून इंजेक्शन दिलं जातं. पोट कडक होईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो, म्हणून ती नॉर्मल आली तरी निश्चिंत होऊ नये. खरं उत्तर देते ती सीटी अँजिओग्राफी. शिरेतून सोडलेलं औषध धमनीत कुठे अडलं, ते तीत दिसतं. शंका दाट असेल तर मूत्रपिंडाच्या तपासणीच्या (क्रिएटिनिन) रिपोर्टसाठीही ती थांबवू नये.

निदान होताच सलाईन, प्रतिजैविकं आणि रक्त गोठू न देणारं हेपारिन सुरू करतात. मग टोकाला फुगा असलेल्या बारीक नळीने गुठळी ओढून काढतात. ही नळी अमेरिकेतल्या डॉ. थॉमस फोगार्टी यांची; १९६३ पासून ती जगभर जीव वाचवते आहे. रक्त सुरू झाल्यावर सर्जन थांबून पाहतात : आतडं गुलाबी होतं का, हलतं का? मेलेला भाग कापतात. शंकास्पद भाग राखून २४ ते ४८ तासांनी पोट पुन्हा उघडून बघतात. एवढं करूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, आणि दर तासाच्या उशिराने धोका वाढतो.

म्हणून ठोक्यांचा किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांनी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. अशा माणसाच्या पोटात अचानक असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, सीटी आणि सर्जन दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा आणि हृदयाचा आजार डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.