शरीरात टिकणारा सेन्सर आणि बारावीनंतरची वाट

माणसाचं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं, म्हणजे वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास. हृदयाला चिकटवलेली सेन्सरची पट्टी प्रत्येक ठोक्याला किंचित वाकते आणि सरळ होते, तेही खारट, उबदार द्रवात आणि वर्षानुवर्षं. अशी पट्टी बनवणं हे एक काम, ती टिकेल हे सिद्ध करणं हे दुसरं. करिअरच्या गप्पांत कौतुक पहिल्याचं होतं. माझ्या मते मुलामुलींनी आधी दुसऱ्याकडे पाहावं, कारण आपल्याला हे क्षेत्र झेपेल का, याचं उत्तर तिथे मिळतं.

दिल्लीत या विषयाची मुळं जुनी आहेत. आयआयटी दिल्ली आणि एम्स यांनी मिळून १९७१ मध्ये बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं केंद्र सुरू केलं. दक्षिण दिल्लीतल्या या दोन संस्था एकमेकींपासून इतक्या जवळ आहेत, की सर्जनची अडचण ऐकून इंजिनिअर त्याच दुपारी प्रयोगशाळेत कामाला लागू शकतो. आपण मात्र दहावीनंतर घरात ‘डॉक्टर की इंजिनिअर’ अशी भिंत उभी करतो.

ही पट्टी बनते कशी? सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर पॉलिइमाइड नावाचं प्लॅस्टिक द्रवरूपात ओतून चकती वेगाने फिरवतात. काही मायक्रॉन जाडीचा एकसारखा थर पसरतो. तो भट्टीत पक्का करून त्यावर सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर चढवतात. मग प्रकाशाने बदलणारा लेप लावून तारांची नक्षी उतरवतात, नको असलेला धातू काढून टाकतात आणि वरून पुन्हा पॉलिइमाइड देतात. शेवटी केसाहूनही पातळ झालेली पट्टी चकतीवरून सोलून काढतात. लेप निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडतो, म्हणून त्या खोलीतले दिवे पिवळे असतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सिलिकॉन मेंदूच्या ऊतींपेक्षा कोट्यवधी पटींनी ताठ असतं. ताठ वस्तूभोवती शरीर व्रणाची भिंत बांधतं आणि संदेश क्षीण होत जातो. पट्टी जितकी पातळ, तितकी ती ऊतींसोबत हलते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात तुळई किती वाकते याचं सूत्र असतं आणि त्यात जाडीचा घन येतो. म्हणजे जाडी निम्मी केली की तितकंच वाकवायला एक-अष्टमांश जोर पुरतो. ज्या मुलीला हे सूत्र वाचून ‘मग धातूचा थर नेमका मधोमध ठेवला तर?’ असा प्रश्न पडतो, तिने या वाटेचा जरूर विचार करावा. मधोमध ठेवलेल्या धातूवर वाकताना ताण जवळजवळ येतच नाही.

आता चाचणी. पट्टी ३७ अंशांच्या सलाईनमध्ये बुडवून ठेवतात. पण पाच वर्षं थांबायला कुणाकडे सवड नसते, म्हणून तापमान वाढवतात. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांमागे झीज दुप्पट वेगाने होते. त्या हिशेबाने ६७ अंशांवरचा एक महिना शरीरातल्या आठ महिन्यांसारखा धरता येतो. इथे विवेक लागतो. फार तापवलं, तर शरीरात कधीच न होणारा बिघाड प्रयोगशाळेत होतो आणि निष्कर्ष फसतो. रोज इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, मोजायचा. तो अचानक घसरला तर आवरणात ओल शिरली असणार, एकदम उसळला तर तार तुटली असणार. मग यंत्रावर हजारो वेळा वाकवायचं, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करायचं, पुन्हा मोजायचं. पुढे पेशींवर आणि नीतिसमितीच्या परवानगीने प्राण्यांवर चाचण्या होतात.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप बनवली, तेव्हा आधीचे तीन नमुने चाचण्यांत बाद झाले. चौथा टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णात बसवला गेला. अलीकडे, जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत बसवलेल्या लवचीक धाग्यांपैकी बरेचसे धागे काही आठवड्यांतच मागे सरकले. ही कामं किती अवघड आहेत, ते यावरून कळावं.

शाखा कोणती घ्यावी? पदवीच्या नावात ‘बायोमेडिकल’ असलंच पाहिजे, हा हट्ट मी धरणार नाही. अशा पदवीनंतर अनेकांना रुग्णालयातली यंत्रं सांभाळण्याचं किंवा विकण्याचं काम मिळतं. ते सन्मानाचं आहे, पण वेगळं आहे. इलेक्ट्रॉनिक्स, मटेरियल्स, केमिकल किंवा मेकॅनिकल पक्कं करून एम.टेक.ला इकडे वळणं मला अधिक सुरक्षित वाटतं. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपरही आहे. जेईई जमली नाही तर दिल्लीच्या द्वारका भागातल्या भास्कराचार्य कॉलेजात पॉलिमर सायन्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन ऑनर्सला मिळतं. हरियाणातल्या मुरथलच्या सिपेट संस्थेत प्लॅस्टिक तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत.

नोएडा-गुरुग्राममधल्या मराठी पालकांनी एक गोष्ट अकरावीच्या प्रवेशाआधीच पाहून ठेवावी. डीटीयू, एनएसयूटी या दिल्लीतल्या तंत्रज्ञान विद्यापीठांमधल्या ८५ टक्के जागा दिल्लीतल्या शाळेतून बारावी झालेल्यांसाठी असतात. घर दिल्लीत आणि शाळा नोएडात असेल, तर मूल त्या कोट्याबाहेर राहतं.

पैशांची काळजी रास्त आहे. गेट देऊन एम.टेक. करणाऱ्याला महिना १२,४०० रुपये, पीएच.डी.ला सुरुवातीला ३७,००० रुपये विद्यावेतन मिळतं. बारावीपासून मोजलं तर खऱ्या जबाबदारीच्या कामापर्यंत आठ-दहा वर्षं जातात. शरीरात बसवायचे असे सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या एनसीआरमध्ये आज रांगेने उभ्या नाहीत, हेही पालकांना स्पष्ट सांगायला हवं. पण हातात आलेलं कौशल्य वाया जात नाही. फरीदाबादचे वैद्यकीय साधनांचे कारखाने, नोएडातलं चिपचं काम, यमुना एक्सप्रेसवेवर सेक्टर २८ मध्ये उभं राहत असलेलं मेडिकल डिव्हाइस पार्क, चाचणी प्रयोगशाळा इथे त्याचा उपयोग होतो. शिवाय २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग पाडल्यापासून परवान्यांची कागदपत्रं जाणणाऱ्यांची गरज वाढली आहे. त्यात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही जागा आहे.

पदवीच्या दुसऱ्या वर्षी एखाद्या प्राध्यापकांना पत्र लिहून उन्हाळ्याचे दोन महिने प्रयोगशाळेत मागावेत. तिथे कदाचित पन्नास पट्ट्यांचा इम्पीडन्स रोज मोजून वहीत लिहायचं कामच मिळेल. तिसऱ्या आठवड्यात आकडे बदलायला लागले आणि मुलगा घरी येऊन कोणती पट्टी का बिघडली असावी हे सांगू लागला, तर त्याला अडवू नका. त्या आकड्यांचा कंटाळा आला, तर तेही मान्य करा आणि तो इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेत असेल तर चिप डिझाइनकडे वळू द्या. त्या पदवीला दोन्ही वाटा खुल्या आहेत.