दोन टनांचा पिकअप : कोणता घ्यावा?

प्रश्न : अष्टमी गावाहून हंगामात कलिंगडं वाशी बाजाराला जातात, एरवी भाताची पोती. बोलेरो मॅक्स पिकअप घ्यावा की टाटा योद्धा?

उत्तर : बोलेरो मॅक्सचं एचडी २.० मॉडेल आणि योद्धा २.०, दोघांचीही भारक्षमता २ टन. त्यामुळे खरी तुलना हौद्याची आणि चढाची.

कलिंगड जड माल. हौदा भरण्याआधीच पाटे दबतात. पेणच्या गणेशमूर्तींचं उलट : वजन बेताचं, पण जागा भरपूर लागते. भाद्रपदाआधी असं भाडं मारायचं असेल तर लांब हौदा हवाच. हौद्यावर लोखंडी सांगाडा चढवला की त्याचं वजन मालातून वजा होतं, हे मात्र बरेच जण विसरतात.

योद्धाचं इंजिन २.२ लिटरचं, बोलेरोचं २.५. कागदावरच्या आकड्यांपेक्षा भरलेली गाडी भिसे खिंडीत चालवून पाहणं मोलाचं. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती दमते का, उतारावर ब्रेक कसे धरतात, हे तिथेच कळतं.

परवान्याची चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.