नागद्वार यात्रा : पूर्वतयारी व सोबतचे साहित्य

वऱ्हाडातील भाविकांचे सातपुड्यातील महादेवाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. महाशिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारास जाणारे भाविक अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या गावोगावी आढळतात. चौरागडास पायऱ्या आहेत. नागद्वाराची वाट मात्र निराळी आहे. मध्य प्रदेशातील नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यात, पचमढीजवळ, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यातून ती जाते आणि वर्षातून केवळ नागपंचमीच्या आसपासचे थोडे दिवस यात्रेकरूंसाठी खुली असते. हे दिवस ऐन पावसाळ्याचे. निसरडे खडक, खडे उतार, लोखंडी शिड्या व दाट गर्दी यांतून पद्मशेषाच्या गुहेपर्यंत पोहोचावे लागते. यास्तव प्रथमच जाणाऱ्या भाविकांसाठी पुढील माहिती देत आहोत.

वाटेचे स्वरूप

मेळघाटातील काळ्या कातळावर चालण्याची आपणांस सवय असते. पचमढीचे डोंगर वालुकाश्माचे आहेत. हा दगड भिजला की त्याचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि सावलीच्या जागी त्यावर शेवाळ धरते. पचमढीस वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. अकोल्याचा पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पचमढीची उंची सुमारे १०६७ मीटर असल्याने हवा विरळ होण्याचे भय नाही. धाप लागते ती चढामुळे व सराव नसल्यामुळे.

दोन्ही हात मोकळे असावेत

जेथे हाताचा आधार घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही, तेथे एक नियम कटाक्षाने पाळावा. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवू नये. यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत. सोबत काय घ्यावे, हे याच कसोटीवर ठरवावे.

छत्रीऐवजी रेनकोट घ्यावा. हातातील पिशवीऐवजी दोन पट्ट्यांची पाठपिशवी असावी व तिचे वजन चार-पाच किलोपेक्षा अधिक नसावे. नारळ व पूजासाहित्य त्याच पिशवीत ठेवावे. हातातील बॅटरीपेक्षा कपाळाला बांधण्याची बॅटरी सोयीची. गुहेतही तिचा उपयोग होतो. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावा. शिडीवर असताना छायाचित्र काढू नये. कडेवर घ्यावे लागेल अशा बालकास या वाटेने नेऊ नये.

पादत्राणे व वस्त्रे

खोल खाचांचा रबरी तळ असलेले, घोट्यास घट्ट बसणारे बूट उत्तम. ते निदान महिनाभर आधी वापरात आणावेत. नवे बूट पहिल्याच दिवशी पाय सोलतात. साधी चप्पल मुळीच नको. अनवाणी जाण्याचा नवस असल्यास तो श्रद्धेचा विषय आहे; तरीही बूट पिशवीत ठेवावेत आणि पाय जखमी झाल्यास संकोच न करता घालावेत. सहावारी साडीच्या निऱ्या शिडीत अडकतात, म्हणून भगिनींनी काष्ट्याचे नऊवारी लुगडे किंवा सलवार-कमीज पसंत करावे. सुती कपडे भिजल्यावर लवकर वाळत नाहीत व अंगात थंडी भरते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकमध्ये बांधून न्यावा.

शरीराची तयारी

यात्रेपूर्वी एक महिना रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालावे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पाठीवर पिशवी घेऊन जिने चढावे-उतरावे. सुटीच्या दिवशी चिखलदऱ्याचा गाविलगड किंवा अकोट तालुक्यातील नरनाळा येथे दिवसभर चालून पाहावे. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, म्हणून उताराचा सराव अवश्य करावा. हृदयविकार, रक्तदाब, दमा, मधुमेह असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय निघू नये.

उपवास असल्यास राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे जवळ ठेवावेत. मधुमेहींनी या दिवशी निराहार राहू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातल्यास जलसंजीवनी तयार होते. येथे लहान चमचा धरावा.

वाटेवरील शिस्त

शिडी उतरताना तोंड शिडीकडेच असावे. वरचा यात्रेकरू पुढे गेल्याशिवाय खालच्याने पाय ठेवू नये. पायाखालचा दगड सुटल्यास ‘दगड! दगड!’ असे मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करावे. नाल्याचे पाणी गढूळ व वेगवान दिसल्यास थांबावे. पाऊस ओसरल्यावर बहुधा काही तासांत ते उतरते. सर्पदंश झाल्यास चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून बांधणे हे प्रकार करू नयेत. तो अवयव न हलविता रुग्णास उचलून वैद्यकीय पथकाकडे न्यावे. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मध्य प्रदेशातही चालतो, परंतु दऱ्यांत मोबाईल लागेलच असे नाही. म्हणून चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, हे निघतानाच ठरवावे.

परतीची वेळही आधीच ठरवावी. ती वेळ झाली, पाऊस वाढला, अथवा सोबत्याच्या छातीत दुखू लागले, तर गुहा जवळ असली तरी मागे फिरावे. चालण्याची गती तरुणांनी ठरवू नये. गटातील सर्वांत वयस्कर माणूस जेवढा चालेल तेवढेच सर्वांनी चालावे. अर्ध्या वाटेवरून केलेला नमस्कारही भोळ्या शंकरास पोहोचतो, अशी आपली श्रद्धा आहे. घरी वाट पाहणाऱ्यांचाही आपल्यावर तितकाच हक्क आहे.

दानशूर भाविकांस विनंती

या यात्रेत महाराष्ट्रातील सेवा मंडळे अन्नदान करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. अन्नदानासोबतच आपल्या गावातून निघणाऱ्या गरजू यात्रेकरूंस रेनकोट, कपाळाची बॅटरी किंवा चांगले बूट घेऊन द्यावेत. असे दान त्यांना सुखरूप घरी आणण्यास साह्यभूत ठरेल.

श्रीमहादेवाच्या कृपेने सर्वांची यात्रा निर्विघ्न पार पडो, हीच प्रार्थना.

— सचिव, संस्थान कार्यालय