गंडगायचा पूर

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात सिडनी आणि मेलबर्नच्या मधे गंडगाय शोधा. मरमबिजी नदीकाठचं हे छोटं गाव.

गोऱ्या लोकांनी इथे अगदी सपाट काठावर घरं बांधली. 'इथे पुराचं पाणी येतं,' असं तिथल्या मूळ विराजुरी लोकांनी सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण! जून 1852 मध्ये रात्री पूर आला. साधारण 250 वस्तीच्या गावात निदान 78 माणसं बुडाली.

बाकीची छपरांवर, झाडांवर अडकली. यारी आणि जॅकी जॅकी हे दोन विराजुरी पुरुष होड्या घेऊन निघाले. यारीची होडी सालीची होती. (साल म्हणजे इथे वर्ष नव्हे, झाडाच्या खोडावरची साल!) तिच्यात जेमतेम एक माणूस मावायचा. मग किती फेऱ्या मारल्या असतील? दोघांनी मिळून 69 जणांना वाचवलं.

पुढे गाव उंचावर हलवलं. त्या दोघांचा पुतळा गावात उभा राहिला 2017 मध्ये. म्हणजे पुरानंतर किती वर्षांनी? तुम्हीच मोजा.