मानवी त्वचा वाहणारे उंदीर

सोरायसिस हा त्वचेचा चिवट रोग होय. या रोगात कोपर, गुडघे, डोके इत्यादी ठिकाणी लालसर चट्टे उठतात व त्यांवर रुपेरी पापुद्रे साचतात. निरोगी बाह्यत्वचेतील पेशींना तळापासून पृष्ठभागापर्यंत येण्यास सुमारे चार आठवडे लागतात. चट्ट्यातील पेशी हाच प्रवास काही दिवसांत पुरा करतात. हा रोग सांसर्गिक नाही. रोग्याच्या स्पर्शाने तो कोणासही जडत नाही. मग पेशींच्या या घाईचे मूळ कोठे असावे? खुद्द त्वचेत, की शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत?

इ. स. १९७९ मध्ये एक महत्त्वाचा धागा हाती आला. प्रतिकारशक्ती दडपणारे सायक्लोस्पोरिन हे औषध दिल्यावर सोरायसिसचे चट्टे ओसरतात, असे आढळले. संशय पांढऱ्या पेशींकडे वळला. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. माणसाच्या अंगावर मुद्दाम रोग निर्माण करणे उचित नाही, आणि उंदराला हा रोग निसर्गतः होत नाही. शिवाय उंदराची त्वचा दाट केसांची असून तिची बाह्यत्वचा माणसाच्या बाह्यत्वचेहून पुष्कळच पातळ असते.

यावर उपाय असा, की मानवी त्वचेचा लहानसा तुकडा उंदराच्या पाठीवर रोपावा. सामान्य उंदराचे शरीर असे परके कलम टाकून देते. परंतु १९८३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे प्रतिकारशक्तीत जन्मजात उणीव असलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांच्यात टी-पेशी व बी-पेशी या दोन्ही प्रकारच्या रक्षक पेशी जवळजवळ नसतात. म्हणून मानवी त्वचा त्यांच्या अंगावर तगून राहते.

१९९६ मध्ये अमेरिकन संशोधकांनी सोरायसिसच्या रोग्यांची चट्टा नसलेली त्वचा अशा उंदरांवर रोपली. त्याच रोग्यांच्या रक्तातील रक्षक पेशी प्रयोगशाळेत उत्तेजित करून त्या कलमात टोचल्या. तेव्हा कलमावर सोरायसिसचा चट्टा उमटला. पुढे २००४ मध्ये झुरिच येथील संशोधकांनी याहूनही दुर्बळ प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले. या खेपेस बाहेरून कोणत्याही पेशी न टोचताच चट्टा उठला. कलमात आधीपासून वस्तीस असलेल्या मानवी टी-पेशींची संख्या वाढली होती. त्या पेशींना, किंवा टीएनएफ या दाहजनक रेणूला, रोखले असता चट्टा उठेना. निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही रोगाचे बीज दडलेले असते, हे यावरून दिसून आले. टीएनएफला रोखणारी औषधे आज सोरायसिसवर दिली जातात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कलम लहान असते व मर्यादित काळच टिकते. त्यात मानवी पेशींभोवती रक्त मात्र उंदराचे वाहते. टोचलेल्या मानवी पेशी कधी उंदराच्याच शरीरावर हल्ला करतात. म्हणून अशा प्रयोगाचा निष्कर्ष माणसांवरील काळजीपूर्वक चाचण्यांनी पडताळून पाहावा लागतो.

त्वचा देणाऱ्या रोग्याची संमती घेणे आणि प्राण्यास शक्य तितक्या कमी यातना देणे, ही संशोधकाची कर्तव्ये होत. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार होते. ज्या प्रश्नाचे उत्तर अन्य मार्गाने मिळू शकते, त्यासाठी प्राण्याचा उपयोग करू नये, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सदैव ध्यानी ठेवावे.