परफॉर्मन्स एअर फिल्टर बसवू का?

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल पोलोला धुता येणारा कापडी फिल्टर बसवावा का?

उत्तर : इंजिनाचे सॉफ्टवेअर रिमॅप केलेले नसेल, तर नको. कंपनीचा स्वच्छ कागदी फिल्टर इंजिनाला पुरेशी हवा देतोच. टर्बोच्या बूस्टवर ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) नियंत्रण असते, त्यामुळे फरक बहुधा आवाजातच जाणवतो. खरी काळजी कापडातून निसटू शकणाऱ्या धुळीची. बारीक धूळ आत गेली की टर्बोची पाती आणि सिलिंडर झिजतात, ते नुकसान भरून येत नाही. घ्यायचाच असेल तर आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे मागा. हवेचा अडथळा आणि धूळ अडवण्याची क्षमता दोन्ही त्यात कळतात. मूळ बॉक्समध्ये बसणाराच निवडा, उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या आणि फिल्टरचे तेल बेतानेच लावा. जास्तीचे तेल पुढे हवेच्या सेन्सरवर जाऊन बसू शकते.