शिधापत्रिका, आधार क्रमांक आणि धान्याचा हक्क

शेतात धान्य पिकविणाऱ्या कुटुंबाला घरचे धान्य वर्षभर पुरतेच असे नाही. कोरडवाहू भागात ज्येष्ठ-आषाढात कणगीचा तळ दिसू लागतो, आणि भूमिहीन मजुराच्या घरी तर कणगीच नसते. अशा कुटुंबांना रास्त भाव दुकानातील धान्य मिळण्याचा हक्क राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याने दिला असून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, असे हे प्रमाण आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येत आहे. तथापि दुकानाच्या दारात धान्याच्या भावापेक्षा क्रमांकाचाच प्रश्न अधिक वेळा उपस्थित होतो. ‘तुमचा नंबर जुळत नाही’ असे ऐकून रिकामी पिशवी घेऊन परत जाणारी बाई कोणत्याही गावात आढळते. म्हणून या विषयाची नीट माहिती ग्रामसेवक व इतर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करून घेणे अगत्याचे आहे.

दोन क्रमांक, दोन कामे

संगणकावर नोंद झालेल्या शिधापत्रिकेस बारा अंकी क्रमांक असतो आणि आधार क्रमांकही बारा अंकीच असतो. त्यामुळे खेड्यात या दोहोंची गल्लत नेहमी होते. जुन्या शिधापत्रिकेवर छापलेला क्रमांक हा तर तिसराच. यांतील शिधापत्रिकेचा क्रमांक कुटुंबाचा असतो, तर आधार क्रमांक एका व्यक्तीचा. पहिल्याने कुटुंबाचा हक्क किती ते कळते. दुसऱ्याने, समोर उभी असलेली व्यक्ती त्या कुटुंबातीलच आहे ना, एवढेच कळते. आधार क्रमांकाने कोणी अन्न सुरक्षेचा लाभार्थी होत नाही आणि तो नसल्याने कोणाचा लाभार्थीपणा नष्ट होत नाही. ही गोष्ट ग्रामसभेत एकदा सोडून चार वेळा सांगितली तरी चालेल.

शिधापत्रिकेच्या रंगाविषयीही असाच गैरसमज आहे. केशरी शिधापत्रिका असली की धान्य मिळते किंवा मिळत नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या केशरी शिधापत्रिकाधारकांतून प्राधान्य कुटुंबे निवडण्यात आली. आपले कुटुंब त्या यादीत आहे किंवा नाही, हे पाहावयास हवे. पात्र कुटुंबांची यादी सर्वांना पाहण्यास खुली ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

प्राधान्य कुटुंबात धान्य माणशी मिळते. पाच माणसांचे २५ किलो. त्यांतील एकाचे नाव गळाले की दरमहा ५ किलो कमी. अंत्योदय कुटुंबात मात्र माणसे मोजून धान्य दिले जात नाही. यासाठी प्राधान्य कुटुंबांच्या नोंदींकडे अधिक लक्ष पुरवावे लागते.

कायद्यातील तरतूद

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आला. पुढे २०१६ च्या आधार अधिनियमातील कलम ७ अन्वये सरकारी खर्चाने मिळणाऱ्या लाभांसाठी हा क्रमांक मागण्याचा अधिकार शासनास मिळाला. परंतु त्याच कलमात असेही म्हटले आहे की, ज्यास आधार क्रमांक मिळालेला नाही, त्यास ओळख पटविण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग उपलब्ध करून द्यावा. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र शासनाने अन्नधान्यासाठी आधार आवश्यक करणारी अधिसूचना काढली. तिच्यातही क्रमांक हाती येईपर्यंत शिधापत्रिका, आधार नोंदणीची पावती आणि मतदार ओळखपत्रासारखे एखादे कागदपत्र यांवर धान्य देण्याची सोय ठेवलेली आहे. कलमाचा पूर्वार्ध दुकानापर्यंत लवकर पोहोचला, उत्तरार्ध वाटेतच राहिला, असे खेदाने म्हणावे लागते.

त्याचा परिणाम किती कठोर होऊ शकतो हे २०१७ साली दिसून आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका लहान मुलीचा मृत्यू झाला. आधार जोडलेला नसल्याने शिधापत्रिका रद्द झाली होती व घरात अन्न नव्हते, असे कुटुंबीयांनी सांगितले; प्रशासनाने मृत्यूचे कारण आजार हे दिले. शिधापत्रिका रद्द झाली होती, याविषयी मात्र वाद राहिला नाही. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र शासनाने सर्व राज्यांना स्पष्ट सूचना दिल्या. केवळ आधार नाही म्हणून कोणाचेही नाव यादीतून काढू नये. यंत्राची जोडणी मिळत नसल्यास किंवा बोटांचे ठसे जुळत नसल्यास धान्य नाकारू नये. अशा व्यवहारांची नोंद वेगळ्या नोंदवहीत ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कलम ७ कायम ठेवले, परंतु ओळख जुळली नाही एवढ्यावरून कोणासही लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, हेही नमूद केले.

अंगठा उमटत नाही तेव्हा

पूर्वी अंगठा ही निरक्षराची सही मानली जात असे. आता पदवीधरासही धान्यासाठी अंगठाच लावावा लागतो. अडचण अशी की, ज्याच्या हाताला कष्ट अधिक त्याच्या बोटावरील रेषा पुसट. ऊस तोडणारे, चुन्यासिमेंटात काम करणारे, मिठागरातील मजूर व वृद्ध माणसे यांचे ठसे ई-पॉस यंत्रास पुष्कळदा ओळखू येत नाहीत. प्रथम हात धुऊन कोरडे करावे व अंगठ्याचाच आग्रह न धरता इतर बोटे लावून पाहावीत. नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. शिधापत्रिकेवर नाव असलेल्या व आधार जोडलेल्या कोणत्याही व्यक्तीने बोट लावले तरी संपूर्ण कुटुंबाचे धान्य मिळते. कुटुंबप्रमुख स्त्रीनेच दुकानात आले पाहिजे असा नियम नाही. ज्या यंत्रास सोय जोडलेली असेल तेथे डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटते. एवढे करूनही न जमल्यास, वर सांगितलेल्या नोंदवहीत नोंद करून धान्य मागावे, आणि पुढे सवडीने आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवावेत. धान्य उचलताना यंत्रातून निघणारी छापील पावती घेऊन तीवरील किलो व पिशवीतील किलो ताडून पाहावेत.

सून, बाळ आणि नावातील फरक

नवीन सुनेचे नाव सासरच्या शिधापत्रिकेवर चढत नाही, ही तक्रार सर्वत्र आढळते. तिचे कारण बहुधा सासरी नसून माहेरी असते. तिचा आधार क्रमांक माहेरच्या पत्रिकेस जोडलेला असतो आणि एकच क्रमांक दोन पत्रिकांवर चालत नाही. आधी माहेरी नाव कमी करून तसा दाखला आणावा, मग सासरी अर्ज करावा. या दोन कामांच्या मधले महिने तिच्या वाट्याचे धान्य कोठेच मिळत नाही. तेव्हा लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणातच हे काम उरकणे उत्तम.

पाच वर्षांच्या आतील बालकाच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. छायाचित्र व आई किंवा वडील यांच्या आधारावर त्यास क्रमांक मिळतो. जन्माचा दाखला मात्र हवा. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर व पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे नोंदवावे लागतात.

ऊसतोड कुटुंबांसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत परस्परांच्या शिधापत्रिकांवर धान्य देण्यास प्रारंभ झाला व पुढे ही सोय देशभर झाली. पत्रिका दुसऱ्या गावची आहे, एवढ्या कारणावरून दुकानदारास धान्य नाकारता येत नाही. समजा, बीड जिल्ह्यातील एका प्राधान्य कुटुंबात सहा माणसे आहेत. पती-पत्नी कोयता घेऊन सांगलीकडील कारखान्यावर गेली. आजा, आजी व दोन मुले घरी राहिली. कुटुंबाचा हक्क महिना ३० किलो. जोडप्याने तेथे आपले १० किलो उचलावेत व घरी २० किलो मिळावेत, हे योग्य. त्यांनी सगळे तिकडेच उचलले तर म्हाताऱ्यांच्या हाती काही उरत नाही. याहून मोठा धोका असा की, घरात केवळ या दोघांचेच ठसे यंत्रास जुळत असतील, तर ती गाव सोडताच घरचे धान्य थांबते. म्हणून मुकादमाची गाडी येण्यापूर्वी, भाद्रपद-आश्विनातच, आजा-आजींचे बोट दुकानातील यंत्रावर एकदा लावून पाहावे.

या कुटुंबांना आणखी एक काळजी घ्यावयाची आहे. २०२५ मध्ये केंद्र शासनाने वितरणविषयक नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. तीनुसार सलग सहा महिने धान्य न उचललेली शिधापत्रिका तात्पुरती थांबविली जाते व तीन महिन्यांत चौकशी करून तिचा निर्णय होतो. प्रत्येक लाभार्थ्याची ई-केवायसी ही पडताळणीही दर पाच वर्षांनी करावयाची आहे. तोडणीचा हंगाम सहा महिन्यांपर्यंत लांबतो. घर बंद करून सर्वच माणसे गेली असतील, तर निदान एकदोनदा तरी कारखान्याजवळच्या दुकानातून धान्य उचलले पाहिजे.

मराठवाडा व अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. पुढे ही रक्कम १७० रुपये झाली. येथे प्रश्न बोटाचा नसून बँकेतील खात्याचा आहे. रक्कम कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात जमा होते, म्हणून तिचे खाते चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

धान्य नाकारल्यास

प्रथम १९६७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा व तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेकडे लेखी अर्ज द्यावा. तेथे दाद न लागल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकारी व त्यानंतर राज्य अन्न आयोग आहे. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे हक्काचे धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अर्जात शिधापत्रिकेचा क्रमांक, दुकानास भेट दिल्याची तारीख व नकाराचे सांगितलेले कारण लिहावे. ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज ग्रामसेवकाने लिहून द्यावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख घातलेली पोच घ्यावी. तिच्यावाचून किती महिन्यांचे धान्य बुडाले हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते.